नमाज तुटली की राहिली?

परवा मगरिबला, म्हणजे सूर्यास्तानंतरच्या नमाजेला, माझा नऊ वर्षांचा मुलगा नमाजेतच हसला. घरातली छोटी जमात, म्हणजे एकत्र नमाज, होती. पुढे नवरा, त्याच्या उजव्या हाताला किंचित मागे मुलगा, आणि मागच्या सफेत, म्हणजे रांगेत, मी एकटी. रुकूत गेल्यावर, म्हणजे कमरेतून वाकल्यावर, नजर पायांवर ठेवायची, हे पोराला मीच शिकवलेलं. त्यानं ती ठेवली, पण बापाच्या पायांवर. मोज्याला भोक पडलं होतं आणि अंगठा त्यातून ऐटीत बाहेर आला होता. आधी नाकातून फिस्स झालं, मग ते दाबलं गेलं, आणि मग दाबता आलं नाही.

नमाज संपवणारा सलाम फिरवल्यावर तो माझ्याकडे वळला. "अम्मी, माझी तुटली का?"

"आवाज किती मोठा होता?"

"मला ऐकू आला," बाप पुढूनच म्हणाला. "तुटली. परत पढ."

"आणि वुजू?"

वुजू म्हणजे नमाजेआधी हात, तोंड, पाय धुऊन घेतलेली शुद्धी. इथं मी आणि नवरा एकदमच बोललो. मी म्हटलं, "मोठा असतास तर वुजूही गेला असता." तो म्हणाला, "वुजूला काय झालंय?" गंमत अशी की दोघंही बरोबर होतो.

माझं माहेर हनफी, सासर शाफई, म्हणजे सुन्नी मुसलमानांच्या दोन वेगळ्या मजहबांचं, नियमपरंपरांचं. लग्न ठरताना दोन्हीकडच्या मोठ्यांनी "त्यात काय, नमाज तर एकच" म्हणून विषय मिटवला होता. एकच आहे, खरंय. तेच पाच वक्त, फर्जच्या, म्हणजे सक्तीच्या, तेवढ्याच रकाती (नमाजेचे फेरे), तोच किब्ला, मक्केची दिशा. पण ती तुटते कशानं, असं विचारलं की एकाच घरातून दोन उत्तरं निघतात. माझ्या माहेरी हसण्याच्या तीन पायऱ्या. ओठ नुसते फाकले तर काहीच होत नाही. हसू आपल्यापुरतं ऐकू आलं तर नमाज गेली, वुजू राहिला. शेजारच्याला ऐकू गेलं तर नमाजही गेली आणि वुजूही, अर्थात हसणारा वयात आलेला असला तर. शाफईंकडे हसण्याचा वुजूशी संबंधच नाही; हसण्यातून दोन अक्षरं उमटली की नमाज तेवढी जाते. मुलगा बापाच्या मजहबावर आहे आणि वयात यायला अवकाश आहे, म्हणजे कुठल्याच हिशेबानं त्याचा वुजू गेला नव्हता. त्यानं मुकाट्यानं तीन रकाती परत पढल्या. बापानं मोजे बदलले.

इमाम अबू हनीफा हिजरी 150 मध्ये, म्हणजे इसवी सन 767 मध्ये वारले आणि त्याच वर्षी इमाम शाफई जन्मले. दोघांची भेट होणं शक्यच नव्हतं. आमच्या न्हाणीघराच्या दाराशी मात्र ते रोज समोरासमोर येतात. शाफई मजहबात नवऱ्याचा उघडा हात बायकोच्या उघड्या हाताला लागला तरी वुजू तुटतो, माझ्याकडे तुटत नाही. म्हणून वुजू करून बाहेर आल्यावर मी टॉवेल पुढे केला की नवरा त्याचं पार दुसरं टोक चिमटीत धरतो. लग्नानंतरच्या पहिल्या आठवड्यात मला वाटलं होतं, हा माणूस माझ्यावर रागावलाय. उलट, बोट कापलं आणि रक्त वाहिलं तर वुजू माझा जातो, त्याचा नाही. त्यामुळे कापलेल्या बोटाला पट्टी बांधून झाल्यावर मी परत नळाशी जाते आणि तो बोट चोखत थेट मुसल्ल्यावर, नमाजेच्या चटईवर.

मग एक दिवस व्हायचं तेच झालं. नखं काढताना त्यानं बोट चांगलंच कापून घेतलं, रक्त वाहिलं, त्यानं ते धुतलं आणि असरला, दुपारनंतरच्या नमाजेला, पुढे उभा राहिला. मी मागे. तकबीर, म्हणजे नमाज सुरू करणारं "अल्लाहु अकबर", झाली तरी माझे हात उठेनात. त्याच्या लेखी त्याचा वुजू शाबूत, माझ्या लेखी तुटलेला. वुजू नसलेल्या इमामामागे नमाज होते का? यावर उलमांची, धर्मपंडितांची, दोन मतं आहेत: काही म्हणतात की मागच्यानं आपल्या मजहबानं पाहावं, काही म्हणतात की इमामाची नमाज त्याच्या मजहबानं झाली की मागच्याचीही झाली. दुसऱ्या मताच्या बाजूनं एक गोष्ट सांगतात. खलिफा हारून रशीदनं शरीरातून रक्त काढून घेतलं होतं आणि नवा वुजू न करता नमाज पढवली, कारण आणखी एका मजहबाचे प्रवर्तक इमाम मालिक यांचा फतवा तसा होता. मागे होते काझी अबू यूसुफ, खुद्द अबू हनीफांचे पट्टशिष्य, ज्यांच्या मजहबानं त्या रक्तानं वुजू गेला होता. त्यांनी ती नमाज परत पढली नाही. ही गोष्ट मला त्या दिवशी माहीत नव्हती. मी वेगळी पढले आणि दोन दिवस घरात थोडा अबोला होता. आता मागेच उभी राहते.

अशीच फजती पहिल्या वर्षी फजरला, पहाटेच्या नमाजेला, झाली होती. दुसऱ्या रकातीत रुकूतून उठलो, मी सवयीनं सजद्यात गेले, कपाळ टेकलं, आणि लक्षात आलं की खोलीत कपडे सळसळल्याचा आवाजच नाही. सगळे उभे. सासूबाई हात पसरून कुनूत नावाच्या दुआला, उभ्यानं केलेल्या प्रार्थनेला, आमीन म्हणत होत्या. शाफईंमध्ये फजरच्या नमाजेत हा कुनूत असतो आणि विसरला तर शेवटी सह्वचे, म्हणजे विसरल्याच्या भरपाईचे, दोन सजदे करायचे असतात. हनफींकडे तो फजरला नसतोच. मी हळूच उठून उभी राहिले. नमाज तुटली नव्हती, लाज तेवढी गेली.

हे सगळं आज हसत लिहितेय. एकेकाळी यातली एकेक ओळ माझी रात्र खायची.

कॉलेजात असताना मला वसवसा, म्हणजे शंकेचं वेड, जडला. ज्याला झालाय त्यालाच कळेल. वुजू करताना कोपर भिजलं की नाही म्हणून परत, मग परत, मग पहिल्यापासून. नियत, म्हणजे मनातला संकल्प, केली का? केली, पण इशाची, रात्रीच्या नमाजेची, केली की मगरिबची? "अल्लाहु अकबर" म्हणून हात बांधले की वाटायचं, म्हणताना मन भलतीकडे होतं, ही तकबीर धरता येणार नाही. हात सोडून पुन्हा. इशाला तासभर लागायचा. घरचे म्हणायचे, पोरगी किती लक्ष लावून पढते. मी लक्ष लावत नव्हते, मी भीत होते. नमाजेचे मसले, बारीक नियम, मी पाठ करत सुटले ते या भीतीपोटी, आणि जितके पाठ केले तितकी तुटण्याची नवी कारणं हाती लागली. हनफी पुस्तकांत बारीकसारीक फार आहे. दातांत अडकलेला कण नमाजेत गिळला तर? हरभऱ्याहून लहान असेल तर नमाज राहिली, हरभऱ्याएवढा असेल तर गेली. हे वाचून मी प्रत्येक नमाजेआधी आरशासमोर दात कोरत बसायचे.

मला लहानपणी कुरआन शिकवणाऱ्या आपा तेव्हा हयात होत्या. त्यांच्याकडे जाऊन रडले. त्यांनी उपदेश केला नाही. एकच विचारलं, "वुजू तुटला, अशी अल्लाहची शपथ घेऊन सांगशील?"

"शपथ कशी घेऊ? खात्री नाही."

"मग तुटला नाही. ऊठ, पढ."

मला वाटलं, आपांनी माझी समजूत काढली. पुढे कित्येक वर्षांनी तिर्मिजींच्या हदीस-संग्रहात (हदीस म्हणजे प्रेषितांच्या वचन-वर्तनाची नोंद) अब्दुल्लाह बिन मुबारक या जुन्या विद्वानांचं मत वाचलं: वुजू गेल्याची शंका आली तर शपथ घेता येईल इतकी खात्री होईपर्यंत नवा वुजू लागत नाही. आपा समजूत काढत नव्हत्या, मसला सांगत होत्या. त्याच्या मुळाशी बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही हदीस-संग्राहकांनी दिलेली हदीस आहे. एका माणसाला नमाजेत सारखं वाटायचं, काहीतरी झालं, प्रेषितांनी (स.) सांगितलं, आवाज ऐकू येईपर्यंत किंवा वास येईपर्यंत नमाज सोडू नकोस. इतकं रोखठोक. फिकहवाल्यांनी, म्हणजे धर्मकायद्याच्या अभ्यासकांनी, त्यावरून कायदा बांधला: शंकेनं खात्री जात नाही. उस्मानी साम्राज्यानं 1869 ते 1876 या काळात 'मजल्ला' नावाची दिवाणी संहिता केली, तिच्यात हे चौथं कलम आहे. म्हणजे मालमत्तेचा आणि देण्याघेण्याचा न्यायही ज्या वाक्यानं होतो, त्याच वाक्यानं माझा वुजू राहिला की गेला ते ठरतं.

माझा धंदा हिशेब तपासण्याचा. त्यामुळे त्याच संहितेतलं अकरावं कलम मला फार आवडतं: एखादी गोष्ट केव्हा घडली ते माहीत नसेल तर ती सगळ्यांत जवळच्या वेळेची धरायची. याचा उपयोग मला कार्यालयात झाला. जुहर, दुपारची नमाज, पढून तासाभरानं अंगठ्याच्या नखावर व्हाइटनरचा वाळलेला ठिपका दिसला. वुजूत नखाएवढी जागा जरी कोरडी राहिली तरी वुजू होत नाही. अशाच एका माणसाला, ज्याच्या पायावर नखाएवढी जागा सुटली होती, परत जाऊन नीट वुजू करायला सांगितल्याची हदीस आहे. मेंदीचा रंग चालतो, कारण पाणी त्वचेपर्यंत पोचतं. नेलपॉलिश चालत नाही, कारण त्याचा थर असतो. व्हाइटनरचाही असतो. आता हा ठिपका वुजूआधीचा की नंतरचा? व्हाइटनर मी सकाळीही वापरलं होतं आणि जुहरनंतरही. विशीतली मी असते तर जुहर परत, आणि परत पढतानाही धाकधूक. आता जवळची वेळ धरली: ठिपका नंतरचा. नख खरवडलं, असरसाठी नवा वुजू केला, बस. सकाळचाच आहे असं आठवलं असतं तर मात्र जुहर दोहरावी लागली असती, तिथं सवलत नाही. टाचांचं तर विचारूच नका. एकदा प्रवासात काही सोबती असरच्या घाईत पायांवरून नुसता ओला हात फिरवत होते, तेव्हा प्रेषितांनी मोठ्यांदा बजावलं होतं की अशा टाचांचा आगीमुळे नाश आहे. मी मुलाच्या टाचा अजून स्वतः तपासते.

नमाजेच्या चुकाही सगळ्या एका वजनाच्या नसतात. हे मला कोणी विशीत नीट समजावलं असतं तर तीन वर्षं वाचली असती. माहेरच्या मजहबात फर्ज, वाजिब आणि सुन्नत अशी उतरंड आहे. पहिली तकबीर, उभं राहणं, कुरआनातलं काही पढणं, रुकू, सजदा, शेवटचं बसणं, यातलं एक जरी सुटलं तरी नमाज झालीच नाही. अंग, कपडे, जागा पाक असणं, सतर, म्हणजे झाकायलाच हवा तो शरीराचा भाग, झाकलेला असणं, किब्ला, वेळ आणि नियत, या अटी तर उभं राहण्याआधीच्या. वाजिब विसरलं तर शेवटी दोन सजदे आणि हिशेब जुळला. मुद्दाम सोडलं तर परत पढायची. सुन्नत सुटली तर सवाब, पुण्य, कमी, नमाज शाबूत. फातिहा, कुरआनचा पहिला अध्याय, माझ्याकडे वाजिब आहे. नवऱ्याकडे रुकन, म्हणजे सुटली की ती रकातच धरायची नाही, आणि इमामामागे असलं तरी ती स्वतः पढायची. म्हणून जमातीत नवऱ्याच्या आमीननंतर माझा मुलगा भराभरा फातिहा पुटपुटतो आणि मी मागे गप्प उभी असते. दोघांच्या नमाजा होतात.

विसरण्याची लाज वाटू नये याला आणखी एक कारण आहे. खुद्द प्रेषितांनी एकदा जुहर किंवा असरच्या चारऐवजी दोनच रकातींवर सलाम फिरवला. लोक आदबीनं गप्प. लांब हातांमुळे ज्याला जुल-यदैन म्हणत, त्या एकानं विचारलं, नमाज कमी झाली की आपण विसरलात? मग उरलेल्या पढल्या गेल्या आणि सह्वचे दोन सजदे झाले. ज्यांच्याकडून आपण नमाज शिकलो त्यांची ही चूक हदीसमध्ये जशीच्या तशी ठेवली आहे, आणि तिच्यातूनच दुरुस्तीची रीत मिळाली.

बोलणं हा तुटण्याचा सगळ्यांत सरळ प्रकार, पण त्यातही गुंते आहेत. मुआविया बिन हकम सुलमी नावाचे सहाबी, प्रेषितांचे सोबती, नवखे होते. जमातीत कुणीतरी शिंकलं, हे नमाजेतच म्हणाले, "यरहमुकल्लाह," अल्लाह तुझ्यावर दया करो. लोकांनी रोखून पाहिलं. यांनी वर विचारलं, माझ्याकडे असे का बघताय? लोकांनी मांड्यांवर हात आपटून त्यांना गप्प केलं. नमाज संपल्यावर प्रेषितांनी त्यांना ना दरडावलं, ना हात उगारला. एवढंच सांगितलं की या नमाजेत माणसांचं बोलणं चालत नाही, ही तसबीह, तकबीर आणि कुरआन पढण्यासाठी आहे. मुआविया नंतर सांगत, त्याआधी आणि त्यानंतर मी याहून चांगला शिक्षक पाहिला नाही. त्यांना नमाज दोहरायला सांगितल्याचा उल्लेख नाही. यावरूनच शाफई म्हणतात की माहीत नसताना किंवा चुकून थोडकं बोललं तर नमाज राहते. हनफी म्हणतात, बोलणं ते बोलणं, चुकून का असेना, नमाज गेली.

माहेरचा मसला तर आणखी बारीक आहे. नमाजेत असताना कुणी आनंदाची बातमी दिली आणि मी उत्तरादाखल "अल्हम्दुलिल्लाह" म्हटलं तर नमाज तुटते. शब्द अल्लाहच्या स्तुतीचा आहे, पण तो मी त्या माणसाला दिला. स्वतःला शिंक आली म्हणून तोच शब्द निघाला तर तुटत नाही. रडण्याचंही तसंच: दुखण्यानं कण्हून "आह" उमटलं तर गेली, जन्नत-दोजखच्या आठवणीनं हुंदका फुटला तर राहिली. आधी मला हे केस चिरणं वाटायचं. आता वाटतं, बोलणं कुणाला उद्देशून आहे एवढंच ते पाहताहेत, आणि ते पाहण्याजोगं आहे.

हालचालीचा मात्र लोक उगाच बाऊ करतात. एक बाई मला म्हणाल्या, तान्हं बाळ रडत होतं, उचललं असतं तर नमाज गेली असती ना? प्रेषितांनी नातीला, हजरत जैनबच्या उमामाला, अंगावर घेऊन नमाज पढवली आहे. सजद्यात जाताना खाली ठेवायची, उठताना परत घ्यायची. साप किंवा विंचू निघाला तर नमाजेत मारायची परवानगी हदीसमध्ये आहे. प्रेषितांच्या पत्नी हजरत आयशा सांगतात की ते नमाज पढताना त्या पुढ्यात झोपलेल्या असायच्या, सजद्याच्या वेळी त्यांच्या पायाला हात लावला जाई आणि त्या पाय आखडून घेत. तेव्हा घरांत दिवे नसत. (ही हदीस मी टॉवेलच्या दुसऱ्या टोकाला ऐकवून पाहिली आहे. मधे कापड असेल, असं उत्तर आलं. शाफईंचं हे उत्तर जुनंच आहे.) हनफी मोजमाप असं: लांबून पाहणाऱ्याला वाटावं की हा माणूस नमाजेत नाहीच, एवढी हालचाल झाली तर तुटली. शाफई मोजतात: लागोपाठ तीन मोठ्या हालचाली. खिशातला फोन वाजला तर एका हातानं दाबून बंद करा; ती वाजत ठेवलेली धून बाकीच्या सफेचंही वाटोळं करते. बाहेर काढून, कुणाचा आहे ते वाचून, मग बंद करणाऱ्याला काय म्हणावं? मान वळली तर मकरूह, म्हणजे नापसंत, छाती किब्ल्यावरून फिरली तर नमाज गेली.

मला विचाराल तर नमाज खऱ्या अर्थानं बिघडते ती घाईनं, आणि तिच्याबद्दल कुणी शंका विचारायला येत नाही. वसवसावाल्यांना शंभर प्रश्न, घाईवाल्यांना एकही नाही. एक माणूस मशिदीत आला, भराभरा पढला, प्रेषितांना सलाम करायला आला. ते म्हणाले, "परत जा, पढ, तू पढलाच नाहीस." असं तीनदा झालं. शेवटी तो म्हणाला, याहून चांगलं मला येत नाही, शिकवा. मग त्याला सांगितलं गेलं: रुकूत स्थिर हो, मग उठून सरळ उभा राहा, सजद्यात स्थिर हो, उठून नीट बस. ही स्थिरता शाफईंकडे फर्ज आहे. हनफींमध्ये अबू यूसुफ तिला फर्ज म्हणतात, बाकी वाजिब. माझा एक चुलतभाऊ रुकूतून उठतो की नुसता उसळतो, कळत नाही. जमातीला उशीर झाला की धावत येऊन वाकता वाकताच तकबीर म्हणून रकात पकडणारे तर किती. पहिली तकबीर उभ्यानं म्हणायची असते. वाकून रुकूत पोचल्यावर म्हटली तर नमाज सुरूच झाली नाही, आणि गडी पुढच्या सगळ्या रकाती भक्तिभावानं पढतो.

तकबीरीचंच आणखी एक. "अल्लाहु अकबर" मधला पहिला स्वर ओढून "आल्लाहु" केला तर अरबीत तो प्रश्न होतो: अल्लाह सर्वांत मोठा आहे काय? आणि शेवटचा "अकबार" असा लांबवला तर ते ढोलांचं अनेकवचन होऊ शकतं, असं फिकहवाले बजावतात. फातिहात "अन्अम्त" म्हणजे तू कृपा केलीस. तिथं "अन्अम्तु" निघालं तर मी कृपा केली. आपा छडी वापरत नसत, पण या एका जागी त्या बोटानं चटईवर टकटक करायच्या. मराठी जिभेला अरबीतल्या काफ (ك) आणि क़ाफ (ق) या अक्षरांमधला फरकही जड जातो, आणि कल्ब एका उच्चारानं हृदय होतं, दुसऱ्यानं कुत्रा. प्रयत्न करूनही ज्याला जमत नाही त्याची नमाज होते. ज्यानं प्रयत्नच केला नाही त्यानं आपांची टकटक आठवावी.

बायकांसाठी एक गोष्ट वेगळी लिहिते, कारण मुली विचारायला लाजतात. पाळीच्या दिवसांत नमाज फर्ज नाही, पढली तरी होत नाही, आणि नंतर तिची कजाही, म्हणजे मागाहून भरपाईही, नाही. हजरत आयशांना हेच विचारलं गेलं होतं; त्या म्हणाल्या, आम्हाला रोजे भरून काढायला सांगितले जाई, नमाजा नाही. गुपचूप कजा फेडत बसणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत. जे देणं लागतच नाही ते का फेडायचं?

आता कुणी म्हणेल, एवढे मसले, पण मन कुठंय? बरोबर आहे. नमाज सही, म्हणजे नियमानं बरोबर, होणं आणि कबूल होणं या दोन गोष्टी. अबू दाऊदच्या संग्रहात हदीस आहे की माणूस नमाज संपवून उठतो तेव्हा त्याच्या नावे तिचा दहावाच हिस्सा लिहिलेला असतो, कुणाच्या नववा, आठवा, असं करत कुणाच्या अर्धा. हे वाचून मी पुन्हा घाबरणार होते. पण दुसरे खलिफा हजरत उमर म्हणत असत की नमाजेत असताना मी लष्कराची जुळवाजुळव करतो, बुखारींनी ते नोंदवलं आहे. माझ्या डोक्यात लष्कर नसतं, ताळेबंद असतो. म्हणून नमाज तुटत नाही. कबूल किती झाली ते मी तपासायचं खातंच नाही. सही झाली का एवढं माझ्याकडे आहे, आणि ते सलामापाशी बंद होतं. सलामानंतर नुसतं "एखादी रकात राहिली की काय" असं वाटलं तर दोन्ही मजहब सांगतात, लक्ष देऊ नकोस.

काल रात्री इशाच्या फर्जांत मीच अडकले. एकटी पढत होते. तिसरी की चौथी? आयुष्यात पहिल्यांदाच असं झालं तर हनफींकडे नमाज नव्यानं पढायची असते. माझ्यासारख्या नेहमीच्या गिऱ्हाइकानं मन जिकडे जास्त झुकेल ते धरायचं, आणि कुठंच झुकत नसेल तर कमी आकडा. मन कुठंच झुकेना. तीन धरल्या, पण ही चौथीही असू शकते म्हणून आधी बसले, अत्तहियात ही बसून म्हणायची दुआ पढले, मग उठून आणखी एक रकात, परत बसले, सह्वचे दोन सजदे, सलाम.

मुलगा दाराशी उभा होता. "अम्मी, तू पाच पढलीस."

"तू मोजलंस?"

"हो. म्हणजे... मला वाटलं."

"शपथ घेशील?"

त्यानं छताकडे पाहिलं, बोटं एकदा मोजली, परत मोजली.

"नाही."

"मग झाली," म्हटलं आणि मुसल्ला गुंडाळला.